मैफलीची वाट तिकिटापासून

‘पायऱ्या आहेत थोड्या, पण काळजी करू नका. आपली पोरं आहेत, उचलून नेतील.’ व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसानं गाण्याच्या कार्यक्रमाची चौकशी केली की बहुतेक वेळा अशाच अर्थाचं उत्तर मिळतं. ते मनापासून दिलेलं असतं आणि त्या दिवशी चार हात खरोखर पुढेही येतात. तरीही तो माणूस बऱ्याचदा येत नाही, कारण त्याच्या मनात पुढचे प्रश्न चालू असतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसासकट शंभर किलोच्या वर जाते. ती नेमकी कुठे धरायची, हे त्या पोरांना ठाऊक असेल का? ज्याची हाडं ठिसूळ आहेत किंवा ज्याच्या मणक्याला इजा झालेली आहे, त्याला काखेत हात घालून उचललं तर काय होईल? मध्यंतरात स्वच्छतागृहात जायचं झालं तर तीच पोरं पुन्हा शोधायची का, आणि रात्री कार्यक्रम सुटल्यावर ती जागेवर असतील का? उत्तरं आधी मिळत नाहीत म्हणून घरी थांबलेली ही माणसं कोणत्याच मोजणीत येत नाहीत. आयोजकाला एवढंच दिसतं की अपंग श्रोते येत नाहीत, आणि त्यांना आवडच नसावी असं तो धरून चालतो. माझं म्हणणं असं आहे की आपल्या नाट्यगृहांत आणि मंडपांत मदतीला तोटा नाही. तोटा आहे तो आगाऊ तयारीचा आणि आगाऊ माहितीचा. कार्यक्रम अपंग श्रोत्यांसाठी खुला आहे की नाही, हे प्रवेशद्वाराशी नाही, तर तिकीट काढतानाच ठरून जातं.

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर पंचवीस वर्षं काम झालेलं आहे. संगीताच्या कार्यक्रमांना जाणाऱ्या अपंग रसिकांनीच चालवलेली ‘अ‍ॅटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था २००० साली सुझॅन बुल यांनी सुरू केली. सभागृहं आणि महोत्सव यांनी काय काय करावं याची एक सनद या संस्थेनं तयार केली आणि टप्प्याटप्प्यानं अनेक आयोजकांना तिच्यात सामील करून घेतलं. त्यांच्या २०१८ च्या अहवालातली एक गोष्ट फार बोलकी आहे: पाहणीत भाग घेतलेल्या दहापैकी आठांहून अधिक रसिकांना तिकीट काढतानाच अडचण आली होती. म्हणजे रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह यांचा प्रश्न उभा राहण्याआधीच वाट अडलेली होती. इतरांना संकेतस्थळावर दोन मिनिटांत तिकीट मिळतं. व्हीलचेअरच्या जागेसाठी मात्र वेगळा फोन, तोही कचेरीच्या वेळेत, आणि प्रत्येक वेळी नव्यानं प्रमाणपत्र दाखवायचं. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं किती लवकर संपतात हे आपणही पाहिलं आहे. कोल्डप्ले या बँडच्या जानेवारी २०२५ मधल्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री आदल्या सप्टेंबरात खुली झाली तेव्हा लाखो लोक एकाच वेळी ऑनलाइन रांगेत होते. अशा रांगेत ‘नंतर फोन करून विचारा’ म्हणणं म्हणजे व्यवहारात नाही म्हणणंच होय. सामान्य तिकिटाच्याच पानावर व्हीलचेअरची जागा, सोबत्याची जागा, दुभाष्याजवळची जागा निवडता आली पाहिजे आणि तिथेच तीन साध्या गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत: रस्त्यापासून खुर्चीपर्यंत किती पायऱ्या आहेत, स्वच्छतागृहाचा दरवाजा किती रुंद आहे, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा. याला खर्च जवळजवळ नाही. टेप घेऊन एकदा मोजून यायचं आहे, एवढंच.

सोबत्याचा मुद्दा इथेच येतो. ज्याला एकट्यानं प्रवास करता येत नाही, त्याला दोन तिकिटं काढावी लागतात; म्हणजे तेच गाणं त्याला दुप्पट किमतीत पडतं. सोबती हा फुकटा श्रोता नव्हे. तो खुर्ची ढकलतो, पाणी देतो, कानाशी लागून मंचावर काय चाललं आहे ते सांगतो. जे काम आयोजकानं करायला हवं त्यातलं बरंचसं तो करत असतो. हा विचार आपल्याला परका नाही. अपंगत्वाच्या ठरावीक प्रकारांत रेल्वे प्रवाशाबरोबर त्याच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत देते. जे रेल्वेला परवडतं ते नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीला का परवडू नये, याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

कायदा काय म्हणतो? अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारतानं २००७ साली मान्यता दिली. त्याचं ३०वं कलम सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचं आहे. त्यानुसार २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सुगम करायच्या, नव्या इमारतीचा आराखडा नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगीच द्यायची नाही, आणि सेवा सरकारी असो की खासगी, ती अपंगांना वापरता आली पाहिजे, हे सगळं त्यात आहे. अडचण अशी होती की या कायद्याखालच्या नियमांत बरीचशी मानकं नुसत्या मार्गदर्शक सूचनांसारखी राहिली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावर बोट ठेवलं, संबंधित नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं तयार करायला सांगितलं. निकालातला एक फरक आपल्या विषयाला अगदी लागू पडतो. सुगमता ही कोणी मागण्याआधीच, सर्वांसाठी करून ठेवायची गोष्ट आहे; एखाद्या व्यक्तीच्या खास गरजेप्रमाणे नंतर करून दिलेली सोय ही तिची जोड आहे, तिचा पर्याय नव्हे. ‘पोरं उचलून नेतील’ या व्यवस्थेत पहिली गोष्ट नाहीच, आणि दुसरी त्या दिवशी कोण हजर असेल त्यावर सोडलेली आहे.

आगाऊ म्हणजे किती आगाऊ, हे एका साध्या हिशेबानं कळतं. व्हीलचेअरच्या उताराचं मान्य प्रमाण एकास बारा आहे. सहा इंचांची एक पायरी असेल तर उतार सहा फूट लांब हवा. तीन पायऱ्यांना अठरा फूट, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा. ऐनवेळी दोन फळ्या टेकवून केलेला ‘रॅम्प’ याच्या तिप्पट-चौपट चढा असतो आणि त्यावरून खुर्ची मागे उलटण्याची भीती खरी असते. आता मोकळ्या मैदानातला कार्यक्रम घ्या, जिथे गाणं रंगलं की सगळे उठून उभे राहतात. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असते. समोरच्यांच्या पाठी म्हणजे त्याच्यासाठी भिंतच. पुढच्या रांगेतलं महागडं तिकीटही त्याला उपयोगी नाही. त्यासाठी दोन-अडीच फूट उंचीचा कठडेवाला चौथरा लागतो. त्याच्यावर चढायला पंचवीस-तीस फुटांचा उतार लागतो, आणि सोबत्याची खुर्ची मागे नाही, शेजारी लागते. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीसारख्या महोत्सवांत असे चौथरे वर्षानुवर्षं आहेत. एवढी जागा कार्यक्रमाच्या सकाळी निघत नाही. मंडपवाल्यानं पहिला खांब रोवण्याआधी ती नकाशावर असावी लागते. आपल्या मैदानी संगीत महोत्सवांत आणखी दोन बारकावे आहेत. एक भारतीय बैठकीचा: जमिनीवर बसता न येणाऱ्याला बैठकीच्या दरातच खुर्ची मिळायला हवी, महागड्या रांगेचं तिकीट घ्यायला लावणं योग्य नाही. दुसरा अंथरलेल्या सतरंज्यांचा आणि त्यांखालून गेलेल्या वायरींचा. चालणाऱ्याला त्या जाणवतही नाहीत, पण खुर्चीचं पुढचं लहान चाक त्यांत अडकतं आणि पांढऱ्या काठीनं चालणारा तिथेच अडखळतो. आणि तात्पुरती स्वच्छतागृहं बहुतेक ठिकाणी दोन पायऱ्यांवर असतात. त्यामुळे दुपारपासून पाण्याचा घोट न घेता गाणं ऐकणारे लोक आहेत. अशा अवस्थेत तीन तास बसणं किती क्लेशाचं असतं, याचा विचार कोणत्याही आयोजन समितीनं एकदा तरी करावा.

ऐकू कमी येणाऱ्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती सर्वांत मागे पडते. श्रवणयंत्र लावलं की ऐकू आलं, असा समज आहे. प्रत्यक्षात यंत्र जवळचे आवाज आधी उचलतं: शेजारच्याचं खोकणं, पंख्याची घरघर, प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचूर. मंचावरचा स्वर पन्नास फुटांवरच्या स्पीकरमधून निघून भिंतींवर आपटत त्याच्या कानाशी येतो तोवर त्याची धार गेलेली असते. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून निघालेला आवाज एका अ‍ॅम्प्लिफायरमार्गे सभागृहाच्या कडेनं फिरवलेल्या तांब्याच्या तारेत सोडायचा. तारेभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते अनेक श्रवणयंत्रांतली एक लहानशी गुंडाळी पकडते. यंत्राचं बटण ‘टी’वर नेलं की गायकाच्या माइकपासून कानापर्यंत मध्ये काहीच उरत नाही. खोकला नाही, पंखा नाही, भिंतींचा घुमारा नाही. सगळ्या सभागृहाला तार फिरवणं शक्य नसेल तर पन्नास खुर्च्यांपुरती फिरवता येते, फक्त त्या खुर्च्या कोणत्या हे तिकिटाच्या नकाशावर दिसलं पाहिजे. ज्यांच्या यंत्रात ती गुंडाळी नाही त्यांच्यासाठी हेडफोनसह छोटे रिसीव्हर देता येतात. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत पांढऱ्या केसांच्या रांगाच्या रांगा असतात. त्यांतल्या किती जणांना विलंबित लयीतली हळुवार जागा आता ऐकूच येत नसेल आणि ते शेजाऱ्याच्या मानेकडे पाहून दाद देत असतील, या विचारानं मन खिन्न होतं.

पूर्ण कर्णबधिर माणसाला गाण्याच्या कार्यक्रमाचं काय, असा प्रश्न पुष्कळ समजूतदार माणसंही विचारतात, आणि तो उत्तर द्यावं असा प्रश्न आहे. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. ती अनेकदा अनवाणी वाजवते आणि नाद पायांतून, अंगातून घेते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात शेकडो वादकांच्या ताफ्याचं नेतृत्व तिनं केलं. नाद कानापुरता नसतो, हे गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकासमोर उभं राहिलेल्या कोणालाही छातीत कळलेलं आहे. कोल्डप्लेनं आपल्या अलीकडच्या दौऱ्यात कर्णबधिर प्रेक्षकांना कंपनं पोचवणारी जाकिटं आणि सांकेतिक भाषेचे दुभाषी दिले. पण दुभाषी उभा केला म्हणजे काम झालं असंही नाही. २०१७ साली इंग्लंडमध्ये लिटल मिक्स या गटाच्या कार्यक्रमाला आपल्या मुलींना घेऊन गेलेल्या कर्णबधिर आयांसाठी दुभाषी आला तो फक्त मुख्य गटाच्या गाण्यांपुरता. आधी गाणाऱ्या कलाकारांच्या वेळी त्या नुसत्या पाहत राहिल्या. २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. गाण्याचा दुभाषी शब्दाला शब्द देत नाही, तो अर्थ, लय आणि भाव हातांत आणि चेहऱ्यावर आणतो. त्यासाठी त्याला गाण्यांची यादी काही आठवडे आधी हवी, मंच अंधारला तरी त्याच्या अंगावर प्रकाश हवा, आणि त्याला पाहू इच्छिणाऱ्यांच्या जागा त्याच्या समोर हव्यात. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचे प्रशिक्षित दुभाषी गरजेच्या मानानं फार थोडे आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत २०१५ पासून सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. मागणी वाढली तर माणसंही तयार होतील.

ख्यालगायनाच्या बाबतीत मात्र मला हे कोडं अजून सुटलेलं वाटत नाही, आणि तिथेच ते अधिक रंजक होतं. चार ओळींची बंदिश तासभर चालते. आलापाला शब्दच नाहीत. दुभाष्यानं काय करायचं? इथे बाजूचा लहान पडदा अधिक उपयोगी पडेल असं वाटतं: राग कोणता, ताल कोणता, लय कुठे बदलली, बंदिशीचे शब्द काय, आणि मात्रा मोजत समेवर येणारी एक खूण. पडद्यानं मैफलीची एकाग्रता मोडेल, असा आक्षेप जाणकार घेतील. ऑपेराच्या जगात हीच चर्चा होऊन गेली आहे. १९८३ साली टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीनं मंचाच्या वर गीताचे अनुवादित शब्द दाखवायला सुरुवात केली तेव्हा अभ्यासकांनी नाकं मुरडली. आज जगातल्या बहुतेक मोठ्या ऑपेरागृहांत ती नेहमीची गोष्ट आहे. शिवाय समेची खूण पाहून ताल शिकणारे पहिल्यांदाच मैफलीला आलेले तरुणही असतील. ज्यांना पडदा नको त्यांना तो दिसणार नाही अशा कोनात लावता येतो.

अंध श्रोत्यांना ऐकण्यात अडचण नाही, म्हणून त्यांच्यासाठी काही करावं लागत नाही असं समजलं जातं. त्यांची अडचण तिथवर पोचण्यात आणि मंचावरचं न बोललेलं कळण्यात आहे: पडद्यावरच्या मजकुरावर चालणारं तिकिटाचं ॲप त्यांच्या फोनमधल्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला वाचता येतं का, स्वयंसेवकाला कोपर पुढे करून वाट दाखवता येते का. स्वमग्न मुलांसाठी ब्रिटनमधली नाट्यगृहं दिवे मंद ठेवून, आवाज थोडा कमी करून, मधेच उठून जाण्याची मुभा देऊन खास प्रयोग करतात. आपल्याकडच्या बालनाट्यवाल्यांनी आणि वाद्यवृंदांनी हे उद्या सुरू करावं इतकं ते सोपं आहे.

आता पैशाचा आक्षेप. तो खोटा नाही. तिकीटविक्रीवर जेमतेम निभावणाऱ्या मंडळाला लिफ्ट बसवा म्हणणं अन्यायाचं आहे. पण महाराष्ट्रातली बहुतेक मोठी नाट्यगृहं त्या मंडळांची नाहीतच. पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, वाशीचं विष्णुदास भावे ही महापालिकांची आहेत, आणि राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांग कल्याणावर खर्च करायचे आहेत. हा निधी साहित्यवाटपात जातो तेवढाच सभागृहात तांब्याची तार बसवण्यातही जाऊ शकतो. वास्तूची जबाबदारी मालकाची, माहितीची जबाबदारी आयोजकाची, अशी वाटणी केली तर लहान मंडळावर ओझं फारसं येत नाही. वाड्यातल्या पहिल्या मजल्यावर साठ खुर्च्यांची बैठक भरवणाऱ्यानं निमंत्रणावर ‘अठरा पायऱ्यांचा जिना आहे, लिफ्ट नाही’ एवढं स्वच्छ लिहिलं तरी कोणाचा तरी रिक्षाचा हेलपाटा आणि दारातला मनस्ताप वाचतो. ‘इतके थोडे लोक येतात’ या आक्षेपाला २०११ च्या जनगणनेचं उत्तर आहे. महाराष्ट्रात तेव्हाच अपंग व्यक्तींची नोंद साडेएकोणतीस लाखांच्या वर होती, आणि गुडघे दुखणारे, थोडं कमी ऐकू येणारे अनेक वृद्ध त्यात आलेले नसणार.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण गंभीरपणे घेतो, तो आगीचा. मधल्या मार्गिकेत व्हीलचेअर ठेवू देणार नाही, असं व्यवस्थापक म्हणतो तेव्हा तो बरोबर असतो. पण त्यावरून खुर्ची बाहेर ठेवून माणसाला साध्या आसनावर बसवणं बरोबर ठरत नाही, कारण आग लागली तर त्याची खुर्चीच त्याच्यापासून दूर असते. उपाय म्हणजे मार्गिकेबाहेर, बाहेरच्या दाराजवळ कायमच्या मोकळ्या जागा, आणि संकटात त्या माणसाला कोणी बाहेर न्यायचं हे नावानिशी ठरलेलं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूची हानी कोणत्याही रसिकाला जिव्हारी लागावी अशी होती. तिची पुनर्उभारणी होताना जुनं रूप जपावंच, पण प्रेक्षागृहाबरोबर मंचापर्यंतही व्हीलचेअर जाईल एवढं पाहावं. अपंग माणूस श्रोताच असतो असं नाही. मंचावर पायऱ्याच असतील तर गायकालाही सगळ्यांसमोर उचलून चढवावं लागतं, आणि त्याचं पहिलं दर्शन प्रेक्षकांना गाण्याआधी तसं होतं. गोव्यात जानेवारी २०२३ पासून भरणाऱ्या पर्पल फेस्टमध्ये अपंग कलाकार आणि प्रेक्षक एकाच नियोजनाचा भाग असतात. राज्याच्या दिव्यांग आयुक्तालयाचा पुढाकार असला की हे होऊ शकतं, हे तिथे दिसलं आहे.

यंदाच्या हंगामासाठी सुरुवात कुठून करावी, असं एखाद्या आयोजकानं विचारलं तर मी तपासणीचं नाव घेईन. ब्रिटनमधली ‘अ‍ॅटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था अपंग रसिकांना ओळख न देता कार्यक्रमांना पाठवते आणि त्यांच्याकडून बारीकसारीक नोंदी मागवते. आपल्याकडे मंडप उभा राहिल्यावर, पहिल्या सत्राच्या आदल्या दिवशी, एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एक अंध, एक श्रवणयंत्र लावणारी आणि एक कर्णबधिर अशा चौघांना बोलवावं. त्यांनी तिकीट काढण्यापासून स्वच्छतागृहापर्यंत सगळं स्वतः करून पाहावं, कुठे अडलं ते लिहून द्यावं, आणि सुतार हाताशी असेपर्यंत ते दुरुस्त व्हावं. या कामाचं त्यांना रीतसर मानधन द्यावं, आणि ते खर्चाच्या अंदाजपत्रकात मंडप आणि ध्वनियोजनेच्या ओळींबरोबरच लिहिलेलं असावं.